सदतीस भागिले नऊ

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अमेरिकेतून माझ्या मामेभावाचा फोन आला. तो ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या पश्चिमेला राहतो. त्याने एक जुना पिकअप ट्रक विकत घेतला होता. १९४९ची शेव्हरोले, ३१०० मालिकेतली, अर्ध्या टनाची. एका शेतकऱ्याच्या कोठारात ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन मूळचं, गिअरबॉक्स मूळचा, मागचा आसही मूळचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

“भाई, मागच्या आसाचा रेशो ४.११ आहे. सगळे म्हणतात, तो काढून ३.५५ टाक, नाहीतर हायवेवर गाडी रडेल. अब्बांच्या वहीत यावर काही आहे का?”

त्याचे अब्बा म्हणजे माझे मामू. मालेगावात, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्यांचं गॅरेज होतं. जड गाड्यांच्या डिफरन्शियलचं काम ही त्यांची खासियत. लोक त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांच्या इंतकालनंतर गॅरेज गेलं, हत्यारं वाटली गेली आणि एक जाड वही माझ्याकडे आली. कारण वही उर्दूत आहे आणि घरात उर्दू शिकवणारा मी एकटाच. मामेभाऊ इंग्रजी शाळेत शिकला. वडिलांचं अक्षर त्याला ओळखता येतं, वाचता येत नाही.

मी मेकॅनिक नाही, भाषेचा मास्तर आहे. लहानपणी सुट्टीत मामूंच्या गॅरेजात खडू धरून बसायचो, एवढीच माझी तालीम. पण प्रश्न मनात रुतून बसला. ४.११ हा आकडा आला कुठून? तो कुणी, कशासाठी ठरवला? तो बदलला तर नेमकं काय बदलतं? वही उघडण्याआधी मी हे शोधायला लागलो. त्यातून जे हाती आलं, ते इथे मांडतो आहे.

आकडा म्हणजे काय?

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागे जाते. शाफ्टच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राउन. क्राउन फिरला की मागची चाकं फिरतात. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की जो आकडा येतो, तो मागच्या आसाचा रेशो. शेव्हरोलेच्या त्या पिकअपमध्ये क्राउनला ३७ दात आणि पिनियनला ९. सदतीस भागिले नऊ म्हणजे ४.११. शाफ्ट चार फेऱ्यांहून थोडा जास्त फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरतं.

आकडा मोठा असेल तर चाकाला जोर जास्त मिळतो, पण त्याच वेगाला इंजिनला जास्त फिरावं लागतं. आकडा लहान असेल तर इंजिन निवांत राहतं, पण जोर कमी होतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. या गणितात फुकट काहीच नाही.

मग कुणी विचारेल, हिशेबाला सोपे म्हणून ३६ आणि ९ दात का नाही ठेवले? सरळ ४ आला असता. याचं उत्तर सातवीच्या गणितात आहे. ३६ला ९ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पिनियनचा एक ठरावीक दात प्रत्येक फेऱ्यात क्राउनच्या त्याच चार दातांना भेटत राहील. एखाद्या दातात खोट असली तर ती त्याच जागी घासत राहणार. ३७ आणि ९ या सहमूळ संख्या आहेत, एक सोडून त्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि ३७ फेरे पूर्ण झाल्यावरच जुनी जोडी पुन्हा जुळते. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. ल.सा.वि. कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या पोरांना मी आता हे उदाहरण देतो.

घोड्याच्या वाटेवरचा ट्रक

वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घसटणार. यावरचा इलाज, म्हणजे डिफरन्शियल, पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्यूर या घड्याळजीने १८२०च्या दशकात पेटंट केला. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती, वाफेच्या गाड्यांचे प्रयोग चालू होते.

खरी अडचण दात कापण्याची होती. शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकाचा आस रुंदीत. ताकदीला काटकोनात वळवायचं तर तिरक्या उताराचे दात लागतात आणि ते अचूक कापणं हाताचं काम नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात विल्यम ग्लीसन यांनी १८७४ साली असे दात कापणारं यंत्र बनवलं. त्यांची मुलगी केट ग्लीसन १८८४ साली कॉर्नेल विद्यापीठात यंत्रविद्या शिकायला गेली, पण घरच्या कारखान्याला गरज पडली म्हणून शिक्षण अर्धवट सोडून परतली. पुढे तिने ही यंत्रं अमेरिकेत आणि युरोपात स्वतः फिरून विकली. १९१४ साली अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने तिला पूर्ण सभासदत्व दिलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. मोटारीच्या इतिहासात फोर्ड, शेव्हरोले ही नावं सगळ्यांना पाठ असतात. ज्यांच्या यंत्रांशिवाय मागचा आस स्वस्तात तयार झाला नसता, त्या बाप-लेकीचं नाव फारसं कुणी घेत नाही.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये क्राउनला ४० आणि पिनियनला ११ दात होते, म्हणजे रेशो ३.६४. शेतकऱ्यांनी ही मोटार घेतली आणि मागची सीट काढून तिथे फळ्या ठोकल्या. भाजी, दूध, डुकरं, धान्य, सगळं तिच्यावर लादलं. चढ आला की गाडी दमायची. १९१७ साली फोर्डने याच गाडीचं मजबूत भावंड काढलं, मॉडेल टीटी. एक टनाच्या या ट्रकचा रेशो थेट ७.२५ ठेवला होता. घाई असणाऱ्यांसाठी ५.१७चा पर्याय होता. आपण आज करतो तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकालाही दुकानात विचारला जात होता, ओझं हवं की वेग?

दोन्ही हवं असणारेही होतेच. त्यांच्यासाठी रकस्टेल नावाचा दोन-वेगी आस निघाला. फोर्डच्या विक्रेत्यांकडेच तो मिळायचा. एक दांडी ओढली की मागच्या आसाचा रेशो बदलायचा. जड ट्रकांमध्ये दोन-वेगी आसाची ही कल्पना पुढे अनेक दशकं चालली.

१९२०च्या दशकात ग्लीसनच्याच कारखान्यातून हायपॉइड दात आले. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे शाफ्ट खाली जातो, गाडीचा तळ खाली येतो आणि दात मोठे, मजबूत करता येतात. पण हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. म्हणून त्यांना खास तेल लागतं, साधं तेल टाकलं की दात जळतात. मामू गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तेलाचाच करायचे. त्याचं कारण मला आत्ता कळलं.

४.११ कुणी ठरवला?

मामेभावाची पिकअप ज्या मालिकेतली, ती शेव्हरोलेने १९४७च्या जूनमध्ये बाजारात आणली. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. युद्धकाळात अमेरिकेने रबर वाचवण्यासाठी देशभर ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा लावली होती. म्हणजे ताशी ५६ किलोमीटर. पेट्रोलचं रेशनिंग होतं. रबराचा पुरवठा जपानच्या ताब्यात गेलेल्या मुलखातून व्हायचा, त्यामुळे खरी टंचाई टायरची होती. या ट्रकचा पहिला मालक नुकताच त्या शिस्तीतून बाहेर आलेला होता.

त्याचा रस्ता कसा होता? घरापासून डांबरी सडकेपर्यंत मैल-दोन मैल खडी किंवा चिखल. मग धान्याचं कोठार, दूध डेअरी, गावचा बाजार, रविवारी चर्च. मागे अर्धा टन माल. दिवसातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

आणि इंजिन? २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं. ही पूर्ण ताकद मिळायला ते मिनिटाला ३३०० फेरे फिरायला लागतं, पण त्याचा खरा ओढा १२०० ते २००० फेऱ्यांच्या पट्ट्यात आहे. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे सुटे बेअरिंग नाहीत, बॅबिट नावाचा मऊ धातू ओतून ते बनवलेले असतात. रॉडला खाली चमच्यासारखी टोकं असतात, ती तेलाच्या पन्हळीत बुडतात आणि तेल उडवत राहतात. ताशी ४० मैलांना ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते. पण तासन् तास जास्त फेऱ्यांवर ताणलं की बॅबिट तापतो आणि रॉड ठोकायला लागतात.

हे सगळं एकत्र ठेवलं की ४.११चा अर्थ लागतो. कच्चा रस्ता, मागे ओझं, संथ इंजिन, कमी वेग. त्या काळासाठी हा आकडा अगदी योग्य होता. त्याच मालिकेतल्या पाऊण टनाच्या ट्रकला ४.५७ आणि दीड टनाच्या ट्रकला ६.१७ होता, ओझं वाढलं तसा आकडा वाढला. ज्याला आपण एका कंपनीचा निर्णय समजतो, तो त्या काळच्या रस्त्याने, पिकाने आणि युद्धाने मिळून घेतलेला असतो. इतिहास फक्त तहनाम्यात आणि फर्मानांत असतो असं नाही, तो दात मोजूनही वाचता येतो.

रस्ता बदलला, ट्रक तोच राहिला

२९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१ हजार मैलांचं आंतरराज्य रस्त्यांचं जाळं मंजूर झालं. या रस्त्यांवर चौक नाही, सिग्नल नाही, बैलगाडी-ट्रॅक्टर नाही. वेग मात्र एकसारखा आणि तासन् तास ठेवायचा. जुन्या पिकअपसाठी हे जग परकं होतं.

कंपन्यांनी जुळवून घेतलं. १९५४ साली शेव्हरोलेच्या पिकअपला २३५ घनइंचाचं इंजिन आलं, त्यात तेल दाबाने सगळीकडे पोहोचत होतं आणि बेअरिंग सुटे होते. १९५५मध्ये नवीन पिकअपला ओव्हरड्राइव्हचा पर्याय आला. १९७३च्या तेलसंकटानंतर देशभर ५५ मैलांची मर्यादा लागली आणि पेट्रोल वाचवण्यासाठी मागच्या आसाचे आकडे आणखी उतरले, ३.०८, २.७३ असे. आता तर पिकअपमध्ये दहा गिअरचे गिअरबॉक्स येतात. मागचा आस एकच आकडा घेऊन बसतो आणि बाकी तडजोड गिअरबॉक्स करतो. १९४९च्या ट्रकला ही सोय नाही. त्याचा सगळ्यांत वरचा गिअर म्हणजे सरळ जोडणी. इंजिन जितकं फिरेल तितकाच शाफ्ट फिरणार. म्हणून मागच्या आसाच्या आकड्यावर सगळा भार येतो.

कागदावरचा हिशेब

मी मामेभावाला टायरची उंची मोजायला सांगितली. जवळपास २८ इंच निघाली. एवढं चाक एका मैलात सुमारे ७२० फेरे फिरतं. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, त्यामुळे हिशेब सोपा होतो. ७२० गुणिले ४.११, म्हणजे इंजिन मिनिटाला सुमारे २९६० फेरे फिरणार. ज्या इंजिनाची पूर्ण ताकद ३३०० फेऱ्यांना संपते, त्याला २९६०वर तासभर चालवणं हा जुलूम आहे. ३.५५ टाकला तर त्याच वेगाला २५५६ फेरे. जवळपास ४०० फेऱ्यांची सुटका. ४५ मैलांच्या वेगाला मात्र ४.११चं इंजिनही २२२० फेऱ्यांवर निवांत असतं.

आता दुसरी बाजू. ३.५५ने चाकावरचा जोर साधारण १४ टक्के कमी होतो. हे नुकसान भारी की हलकं, ते गिअरबॉक्सवर ठरतं. या ट्रकला दोन प्रकारचे गिअरबॉक्स यायचे. चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर ७.०५चा असतो. त्याला ३.५५ने गुणलं तरी २५ येतात, एवढ्या जोरावर झाडाचा बुंधा उपटता येईल. तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिला २.९४चा. ४.११शी गुणाकार १२ येतो, ३.५५शी साडेदहाच्या खाली. ओझं घेऊन चढावर गाडी उठवताना क्लच जास्त घासावा लागणार. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये आधीच मोठं अंतर आहे. तिसऱ्यात चढ ओढवत नाही आणि दुसऱ्यात इंजिन किंचाळतं, असा मधलाच लटकलेला चढ ३.५५वर जास्त वेळा भेटतो. मामेभावाच्या ट्रकला तीन गिअर आहेत.

एक धोका कुणी त्याला सांगितला नव्हता. वेगाचा काटा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. मागचा रेशो बदलला आणि काट्याचं छोटं गिअर तसंच ठेवलं, तर गाडी ६०ने पळत असताना काटा ५२ दाखवणार. चालवणाऱ्याला वाटतं मी सावकाश जातोय. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, सीटबेल्ट नाही आणि काटा खोटं बोलतोय.

बदल करायचा तर कसा करायचा, हाही प्रश्न आहे. या पिकअपचा शाफ्ट उघडा नसतो. तो एका जाड नळीत बंद असतो आणि चाकांचा धक्का त्या नळीतूनच गाडीला पुढे ढकलतो. त्याच काळातल्या शेव्हरोलेच्या ऑटोमॅटिक मोटारींना ३.५५चा क्राउन-पिनियन होता, तो याच हौसिंगमध्ये बसवता येतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. पण क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे जोडीनेच बदलावे लागतात. मग पातळ पत्र्या घालून त्यांच्यातली फट जुळवायची, दातांना रंग लावून ते कुठे टेकतात ते बघायचं. हे चुकलं तर आस आयुष्यभर रडतो. दुसरा मार्ग म्हणजे नव्या गाडीचा अख्खा आस टाकायचा. पण मग ती नळी जाते, तिच्यासोबत मूळ गिअरबॉक्स जातो, चाकांचा धक्का पाट्यांवर येतो. तिसरा, ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स. त्यात ४.११ ठेवूनही हायवेवर इंजिन निवांत राहतं, पण नळी इथेही काढावीच लागते. एक आकडा बदलायला जावं आणि निम्मा ट्रक बदलावा लागावा, असा हा मामला आहे.

वहीतलं पान

एवढं सगळं करून मी मामूंची वही उघडली. ओहायोच्या पिकअपचं उत्तर मालेगावच्या वहीत मिळेल ही अपेक्षा वेडेपणाची वाटेल, पण तसं नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला होता. अमेरिकेतून पेट्यांमधून येणारे सुटे भाग तिथे जोडून शेव्हरोले गाड्या आणि ट्रक उभे केले जायचे. हे काम १९५४पर्यंत चाललं. आपल्या एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही शेव्हरोलेच्या गाड्या होत्या. कारखाना बंद झाला तरी ट्रक पुढे कित्येक वर्षं पळत राहिले. १९६०च्या दशकात मामू शागीर्द म्हणून कामाला लागले, तेव्हा त्यांच्या हाताखाली हेच दीड टनी शेव्हरोले ट्रक आले. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर दातांच्या जोड्या लिहिल्या आहेत. त्यात ३७ आणि ६ वारंवार येतात. सदतीस भागिले सहा म्हणजे ६.१७. ओहायोच्या ३७ आणि ९चे हे थोरले भाऊ.

प्रत्येक नोंदीची मांडणी एकच आहे. आधी रस्ता, मग माल, मग इंजिन आणि सगळ्यांत शेवटी दात. एक नोंद मात्र लांब आहे आणि तिच्यावर काट मारलेली आहे.

गोष्ट १९७०च्या दशकातली. मालेगावचं कापड घेऊन मुंबईला जाणाऱ्या एका ट्रकच्या मालकाला फेऱ्या वाढवायच्या होत्या. सपाट रस्त्यावर गाडी पळत नाही, ही त्याची तक्रार. मामूंनी त्याच्या सांगण्यावरून कमी आकड्याची जोडी बसवली. नाशिकपर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. पुढे कसारा घाटाचा उतार. ड्रायव्हर रोज ज्या गिअरमध्ये उतरायचा, त्याच गिअरमध्ये उतरू लागला. पण आता त्याच गिअरमध्ये इंजिनची रोक कमी झाली होती. चढाला जो जोर ओढतो, तोच उताराला गाडी धरून ठेवतो, आणि तोच कमी केलेला. सगळा भार ब्रेकवर आला, ड्रम तापले, पेडल तळाला गेलं. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून दोघांचा जीव वाचला. क्लीनरचा पाय मात्र कायमचा अधू झाला.

मामूंनी ती जोडी परत काढली, मजुरी घेतली नाही आणि त्या क्लीनरला गॅरेजात कामाला ठेवलं. मी लहानपणी ज्यांना चाचा म्हणायचो, जे लंगडत चहा आणायचे, ते हेच. कारण मला कधी माहीत नव्हतं. मामेभावालाही नव्हतं. नोंदीच्या खाली मामूंनी एवढंच लिहिलंय की मालकाला चढ विचारला होता, उतार विचारायचा राहिला.

ते पान मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

मग काय ठरलं?

आम्ही मामूंच्या पद्धतीने नोंद लिहायला घेतली. आधी रस्ता. त्याच्या घराजवळून दोन रस्ते समांतर जातात. एक आंतरराज्य ७०, जिथे सगळे ७० मैलांनी पळतात. दुसरा जुना युएस ४०. हा अमेरिकेच्या त्या राष्ट्रीय रस्त्याचा वारस, ज्याचं काम १८११ साली सुरू झालं होतं. सरळ, बऱ्यापैकी सपाट, गावागावातून जाणारा. माल काय? शनिवारी लाकूड, माती, बागेचं सामान, कधी शेजाऱ्याचं फर्निचर. इंजिन मूळचं, बॅबिटचं.

मग मी त्याला दोन कामं सांगितली. पहिलं, रेशो खरंच ४.११ आहे का ते तपासायचं. मागचं एक चाक जॅकवर घ्यायचं, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड. स्पार्क प्लग काढायचे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि पुढे इंजिनच्या हँडलला खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. शाफ्ट नळीत बंद असल्याने तो दिसत नाही, पण वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात. एक चाक स्थिर असलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. चार फेरे आणि वर थोडं भरलं. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने खडू धरला होता. मीही तेवढाच होतो, जेव्हा मामूंसाठी धरायचो.

दुसरं काम, आधी ब्रेक नवे करायचे आणि एक उन्हाळा ४.११वरच चालवायचं. प्रत्येक फेरी वहीत लिहायची, कुठे गेलो, किती वेगाने, मागे काय होतं, कुठे गाडी दमली.

उन्हाळा संपल्यावर त्याने वहीचे फोटो पाठवले. बहुतेक फेऱ्या २० मैलांच्या आतल्या. वेग ४० ते ४८. आंतरराज्य रस्त्यावर तो दोनदाच गेला होता आणि दोन्ही वेळा पुढच्याच फाट्याला उतरला, कारण बाजूने जाणारे ट्रेलर पाहून मुलगी घाबरली. इंजिन एकदाही तापलं नाही.

३.५५ टाकला नाही. उद्या त्याने २३५चं इंजिन बसवलं, गाव बदललं, रोज लांबच्या नोकरीला ही गाडी न्यायची ठरवली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल आणि तेव्हा कदाचित ३.५५च बरोबर ठरेल. ३.५५ टाकणारे चुकतात असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्याकडे दाबाने तेल देणारं इंजिन आहे, चार गिअरचा बॉक्स आहे आणि ५५चा रस्ता आहे, त्यांच्यासाठी तो शहाणपणाचा आकडा आहे. फक्त तो इंजिनला आराम देण्यासाठी टाकावा, आणखी जोरात पळण्यासाठी नाही. आणि काट्याचं गिअर त्याच दिवशी बदलावं.

आपल्याकडे जुनी वस्तू हाती आली की दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो हातही लावू नका, दुसरा म्हणतो सगळं बदलून टाका. तिला आधी ती कुठल्या रस्त्यासाठी बनली हे विचारावं, असं कमी लोक म्हणतात. मामू तसे होते. त्यांनी एकदा अर्धाच प्रश्न विचारला आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पायाने चुकवली गेली, हे ते विसरले नाहीत.

मामेभावाने पानाची मागणी केली तेव्हा मी मराठीत भाषांतर करून पाठवू का, असं विचारलं. तो म्हणाला, तसंच पाठव. आता दर रविवारी रात्री आमचा अर्ध्या तासाचा तास असतो. त्याची मुलगीही बसते. अक्षरांच्या आधी मी त्यांना आकडे शिकवले. दोघांनी वहीतून पहिल्यांदा स्वतः वाचलेली गोष्ट म्हणजे सदतीस.